तक्रारीची तारीख : सेवेतील भेदभाव आणि दाद मागण्याची मुदत



शाळा भरली की आपण फळ्याच्या कोपऱ्यात प्रथम तारीख लिहितो आणि मग पाठास प्रारंभ करतो. हजेरीपत्रक, आवक-जावक नोंदवही, पोषण आहाराची नोंद, दाखल-खारिज रजिस्टर, यांतील एकही पान तारखेवाचून पुरे होत नाही. मुलाच्या जन्मतारखेत एका अंकाची चूक झाली तर ती त्याला पुढे जन्मभर कशी नडते, हे आपणांस कोणी सांगावयास नको. असे असूनही, स्वतःवर झालेला अन्याय कागदावर मांडण्याची वेळ आली म्हणजे हाच तारखेचा नेम आपल्याकडून सुटतो. ‘गेले कित्येक दिवस मला त्रास होत आहे’, ‘मागे एकदा मला डावलण्यात आले’, अशा वाक्यांनी सुरू होणारे अर्ज माझ्या टेबलावर पुष्कळदा येतात. त्यांतील दुःख खरे असते. परंतु घटना कोणत्या दिवशी घडली हे त्यांत नसते, आणि कित्येकदा अर्ज हाती पडतो तेव्हा दाद मागण्याचा काळ सरून गेलेला असतो.

स्त्री म्हणून, जातीमुळे, दिव्यांगत्वामुळे किंवा अशाच अन्य कारणामुळे सेवेत एखाद्यास इतरांहून हीन वागणूक मिळणे, यास भेदभाव म्हणतात. संविधानाच्या अनुच्छेद १४, १५ व १६ यांनी समतेची आणि शासकीय सेवेत समान संधीची हमी दिली आहे. ही हमी कायमची आहे. मात्र तिचा भंग झाल्यास दाद मागण्याच्या ज्या वाटा कायद्याने आखून दिल्या आहेत, त्यांपैकी पुष्कळ वाटा ठरावीक मुदतीनंतर बंद होतात. या वाटा कोणत्या, त्यांच्या मुदती किती, आणि त्या कोणत्या दिवसापासून मोजावयाच्या, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मुदत कशासाठी?

अन्याय हा अन्यायच असेल, तर त्याला मुदतीचे बंधन कशाला, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर असे की, चौकशी ही पुराव्यावर चालते आणि पुरावा काळाबरोबर झिजतो. साक्षीदारांची बदली होते, कागदपत्रे नष्ट होतात, आठवणी पुसट होतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही आपली बाजू मांडण्याची रास्त संधी मिळावयास हवी, आणि वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या दिवसाचा खुलासा कोणालाही देता येणे कठीण. पदोन्नतीसारख्या बाबतीत तर तिसऱ्याच व्यक्तीचे हित गुंतलेले असते. म्हणून मुदत असणे यात गैर काही नाही.

परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्यावर अन्याय होतो तो माणूस लगेच बोलत नाही. परिवीक्षेवरील शिक्षणसेविकेस सेवा जाण्याची भीती असते. घरच्यांस काय वाटेल ही चिंता असते. ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे त्याच्याच हाती गोपनीय अहवाल असतो. मन घट्ट होईपर्यंत महिने लोटतात, आणि कायद्याचे दिवस मात्र पहिल्या दिवसापासून मोजले जात असतात. या दोहोंमधील अंतरातच पुष्कळ खऱ्या तक्रारी बुडतात.

माझ्या हातून झालेली एक चूक

येथे एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. सुमारे दहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीतील शिक्षण परिषदेनंतर एक तरुण शिक्षिका मला बाजूला घेऊन बोलली. जानेवारीअखेर एका वरिष्ठाकडून तिला जी वागणूक मिळाली होती, ती तिने खालच्या मानेने सांगितली. मी तिचे सर्व ऐकून घेतले, तिला धीर दिला आणि म्हणाले, “शिष्यवृत्तीची परीक्षा आणि वर्षअखेरीची कामे आटोपू द्या. मग शांतपणे पाहू.” माझा हेतू वाईट नव्हता. सुट्टी गेली, जून आला, नव्या वर्षाची गडबड सुरू झाली. ऑगस्टच्या मध्यावर तिने लेखी तक्रार दिली, आणि मुदत उलटून गेल्याच्या कारणाने ती दाखल होऊ शकली नाही. तिने मला एवढेच विचारले, “बाई, मी तर तुम्हांला तेव्हाच सांगितले होते ना?”

तिने सांगितले होते हे खरे. पण कायद्याच्या दृष्टीने मला तोंडी सांगणे म्हणजे समितीकडे लेखी तक्रार करणे नव्हे. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. मला ठाऊक असावयास हवी होती. प्रकरणाचा अधिक तपशील देणे कायद्याला व सौजन्याला धरून होणार नाही. परंतु हा लेख मी त्या प्रश्नाचे ऋण म्हणून लिहीत आहे.

एकच कायदा नाही, एकच मुदत नाही

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की, आपल्या देशात सेवेतील सर्व प्रकारच्या भेदभावास लागू पडणारा असा एकच कायदा नाही. अन्यायाचे स्वरूप कोणते आणि सेवा कोणाकडे, यांवरून वाट ठरते, आणि प्रत्येक वाटेची मुदत निराळी असते. म्हणून ‘अमुक महिन्यांत तक्रार करावी’ असे एक सरसकट सूत्र पाठ करून भागत नाही. आपल्या उपयोगी पडणाऱ्या मुख्य वाटा आता क्रमाने पाहू.

लैंगिक छळाची तक्रार : तीन महिने

कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ होणे हा तिच्या समतेच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा प्रकरणात सांगितले. त्या निर्णयाचे मूळ एका खेड्यात आहे. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे शासकीय काम करणाऱ्या एका ग्रामीण कार्यकर्तीवर १९९२ साली सामूहिक अत्याचार झाला. त्यातून हे प्रकरण उभे राहिले. न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. परंतु तत्त्वे कागदावर राहिली तर त्यांचा उपयोग काय? हा प्रश्न पुण्यातून विचारला गेला. पुण्यातील आलोचना या संस्थेच्या डॉ. मेधा कोतवाल-लेले यांनी, ही तत्त्वे पाळली जात नाहीत हे उदाहरणांसह सर्वोच्च न्यायालयास पत्राने कळविले. त्या पत्राचीच याचिका झाली. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी तिचा निकाल देताना न्यायालयाने, तक्रार समित्या राज्य आणि जिल्हा पातळीबरोबरच तालुका पातळीवरही काम करतील अशी व्यवस्था करण्याचा आदेश राज्यांस दिला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो अमलात आला.

या कायद्याच्या कलम ९ नुसार पीडित स्त्रीने घटनेच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावयाची असते. घटना एकामागून एक घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. परिस्थितीमुळे या काळात तक्रार करणे शक्य झाले नाही अशी समितीची खात्री पटली, तर ती कारणे लेखी नमूद करून आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवून देऊ शकते. म्हणजे सर्व मिळून सहा महिने. त्यापुढे मुदत वाढविण्याचा अधिकार या कायद्याने समितीस दिलेला नाही.

एक उदाहरण घेऊ. घटना १० एप्रिल रोजी घडली. घटनेचा दिवस सोडून मोजता तीन महिने १० जुलै रोजी पुरे होतात. येथे महिना म्हणजे दिनदर्शिकेतील महिना. तीस दिवसांचा हिशेब धरावयाचा नाही. उन्हाळ्याची सुट्टी यातून वजा होत नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा हाती जेमतेम पंचवीस दिवस उरलेले असतात. शेवटचा दिवस कार्यालयाच्या सुट्टीचा आला तर लगतच्या कामाच्या दिवशी दिलेला अर्ज मुदतीत धरावा, असा सर्वसाधारण नियम १८९७ च्या केंद्रीय कायद्यात आहे. परंतु त्या एका दिवसाच्या आधारावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. १० जुलै उलटला तर उशिराचे सबळ कारण सांगून १० ऑक्टोबरपर्यंत अर्ज देता येईल, आणि ते कारण मान्य करणे समितीच्या हाती राहील.

ही मुदत किती कठोर आहे, हे १२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निर्णयावरून समजते. पश्चिम बंगालमधील एका विधी विद्यापीठातील अध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली होती. लैंगिक छळाची म्हणता येईल अशी शेवटची घटना एप्रिल २०२३ मधील होती आणि तक्रार २६ डिसेंबर २०२३ रोजी दिलेली होती. त्यानंतरच्या काळात आपल्याविरुद्ध जे प्रशासकीय निर्णय झाले तेही त्याच छळाचा भाग होत, तेव्हा मुदत तेथून मोजावी, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. ते निर्णय स्वतःहून लैंगिक छळ ठरत नाहीत, सबब तक्रार मुदतबाह्य आहे, असे ठरविले. मात्र झाल्या गोष्टीचा विसर पडू नये म्हणून हा निकाल संबंधितांच्या परिचयपत्राचा भाग करावा, असाही आदेश दिला. तक्रार खरी की खोटी याची चौकशी होण्यापूर्वीच तारखेने तिचा निकाल लावला, हा यातील बोध आहे. छळास नकार दिल्यामुळे पुढे रजा अडविणे, गैरसोयीचे काम देणे असे प्रकार घडत असले, तरी त्यांवर भिस्त न ठेवता मूळ घटनेपासूनच दिवस मोजावेत.

तक्रार कोणाकडे द्यावी?

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. आपल्या दोनशिक्षकी शाळेत अशी समिती असणार नाही हे उघड आहे. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांच्या कार्यालयांतील अंतर्गत समितीची नावे प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर असावीत. जेथे दहापेक्षा कमी माणसे असल्याने समितीच नाही, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागावयाची असते. त्यासाठी पुण्याला खेटे घालण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्यात तक्रार स्वीकारण्यासाठी एक समन्वय अधिकारी नेमावा आणि त्याने ती सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवावी, असे कायदा सांगतो. केंद्र शासनाच्या शी-बॉक्स या संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदविता येते.

हा कायदा कायम सेवेतील शिक्षिकांपुरता नाही. शिक्षणसेविका, कंत्राटी वा मानधनावरील कर्मचारी, प्रशिक्षणार्थी, पोषण आहार शिजविणारी बाई, या साऱ्या त्याच्या कक्षेत येतात. कामानिमित्त जेथे जावे लागते ती ठिकाणेही कामाच्या ठिकाणातच मोडतात. म्हणजे प्रशिक्षणाच्या जागी घडलेली घटनाही यात येते. ज्या स्त्रीस लिहिणे जमत नाही तिला तक्रार लेखी करण्यास समितीच्या सदस्यांनी साह्य केलेच पाहिजे. शारीरिक वा मानसिक असमर्थतेमुळे तिला तक्रार करता येत नसेल, तर नियमांनुसार नातेवाईक किंवा सहकारी यांसारख्या व्यक्ती तिच्या वतीने तक्रार करू शकतात. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून तक्रारदार स्त्रीवर कारवाई होत नाही, हेही तिला आवर्जून सांगावे. भीतीने गमावलेले दिवस यामुळे वाचतात.

विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी यांच्यावरील अत्याचाराची गोष्ट मात्र वेगळी आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि अशा गुन्ह्याची माहिती कळताच पोलिसांस कळविणे हे आपले कायदेशीर कर्तव्य आहे. तेथे तीन महिन्यांचा हिशेब करीत बसावयाचे नाही.

चौकशी करणाऱ्यांवरही मुदतीचे बंधन

कायद्याने मुदत घातली ती तक्रारदारालाच नाही. तक्रारीची प्रत समितीने सात कामाच्या दिवसांत समोरच्या व्यक्तीस पाठवावी. त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यावे. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी. त्यानंतर १० दिवसांत अहवाल द्यावा. आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत कार्यालयाने त्यावर कारवाई करावी. समितीच्या शिफारशी मान्य नसल्यास ९० दिवसांत अपील करता येते. चौकशी चालू असता तक्रारदार स्त्रीस बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा मागता येते. तक्रार दिल्यावर पुढे काय व कधी व्हावयास हवे, हे ठाऊक असले म्हणजे कोठे दिरंगाई होत आहे ते दाखवून देता येते.

घाई मात्र न्यायास मारक ठरते. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात चौकशी समितीने वाजवीपेक्षा अधिक घाई करून अध्यापकास बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा करण्यास सांगितले. तक्रार लवकर यावी म्हणजे चौकशीस पुरेसा अवधी मिळतो, असाही याचा एक अर्थ आहे.

एकदाच झालेला आणि महिन्यामहिन्याला होणारा अन्याय

वेतन, पदोन्नती, ज्येष्ठता यांबाबत भेदभाव झाला असेल तर मुदतीचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो. येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. काही अन्याय एका दिवशी घडतो आणि संपतो. काही अन्याय दर महिन्यास नव्याने घडतो.

१९७८ साली रेल्वेच्या सेवेत आलेल्या एका कर्मचाऱ्याची वेतननिश्चिती चुकीची झाली, अशी त्याची तक्रार होती. १९८९ मध्ये तो न्यायाधिकरणाकडे गेला तेव्हा, अकरा वर्षे झाली, आता उशीर झाला, असे त्यास सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे मत दुरुस्त केले. चुकीचे वेतन दर महिन्यास दिले जाते, तेव्हा दर महिन्यास तक्रारीचे नवे कारण उत्पन्न होते, असे न्यायालयाने सांगितले. म्हणून वेतन पुढे दुरुस्त करून घेता येते. मात्र मागील फरक किती मिळावा यास मर्यादा आहे. २००८ सालच्या एका निर्णयात न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा प्रकरणी थकबाकी सामान्यतः याचिका दाखल होण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळेल. वीस वर्षे गप्प राहिलेल्याचा हक्क जिवंत राहतो, पण सतरा वर्षांचा पैसा जातो.

हाच वाद अमेरिकेतही गाजला. लिली लेडबेटर या बाई एका टायर कारखान्यात १९७९ पासून १९९८ पर्यंत कामास होत्या. आपल्या बरोबरीच्या पुरुषांस आपल्याहून अधिक वेतन मिळते, हे त्यांना सेवेच्या अखेरीस एका निनावी चिठ्ठीवरून कळले. तेथील कायद्यात १८० दिवसांची मुदत होती. ती वेतन ठरविण्याच्या निर्णयापासून मोजावयाची असे सांगून तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्यांचा दावा फेटाळला. जी गोष्ट ठाऊकच नव्हती तिची तक्रार १८० दिवसांत कशी करावयाची, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी केला. अखेर २००९ साली तेथील संसदेने कायदा बदलला, आणि भेदभावाने ठरविलेले प्रत्येक वेतन हातात पडताच मुदत नव्याने सुरू होईल असे ठरविले. बाईंना त्याचा लाभ झाला नाही. त्यांच्यामागून येणाऱ्यांस झाला.

पदोन्नती आणि ज्येष्ठता यांची गोष्ट याहून वेगळी. आपल्यास डावलून कनिष्ठास पद दिले, हा निर्णय एका तारखेस होतो. तो बदलावयाचा तर दुसऱ्याचे स्थान हलवावे लागते. म्हणून अशा तक्रारी जुन्या झाल्यावर न्यायालये ऐकून घेण्यास राजी नसतात. उच्च न्यायालयात रिट अर्ज करण्यास कायद्याने ठरावीक मुदत घातलेली नाही. तथापि पदोन्नतीत डावलले गेलेल्याने सहा महिन्यांत, फार तर एका वर्षात यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ सालीच सुचविले आहे. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकती कोणत्या तारखेपर्यंत द्यावयाच्या हे सोबतच्या पत्रात लिहिलेले असते. यादीत आपले नाव आहे एवढे पाहून कागद खाली ठेवू नये. आपला क्रमांक पाहावा, रुजू दिनांक पाहावा, आणि हरकत असल्यास त्या तारखेच्या आत लेखी द्यावी.

स्मरणपत्राने मुदत वाढत नाही

आपल्यात एक समज फार रुजलेला आहे. अर्ज दिला, उत्तर आले नाही, म्हणून स्मरणपत्र दिले. पुन्हा सहा महिन्यांनी दुसरे दिले. प्रत्येक स्मरणपत्राबरोबर आपला हक्क ताजा होतो, असे आपण धरून चालतो. हे खरे नाही. कायद्यात तरतूद नसलेली निवेदने पुनःपुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८९ साली ठरविले आहे. शिळ्या झालेल्या निवेदनास कार्यालयाने उत्तर दिले तरी मेलेला दावा जिवंत होत नाही, असेही २००८ साली न्यायालयाने सांगितले. राज्य शासनाच्या सेवेतील कर्मचारी ज्या न्यायाधिकरणाकडे जातात, तेथे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. निवेदनास सहा महिने उत्तर आले नाही तर ते सहा महिने संपल्यावर एक वर्ष. याचा अर्थ, उत्तराची वाट किती पाहावयाची याचाही हिशेब ठरलेला आहे.

माहितीच्या अधिकाराखाली कागद मागविल्यास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. कागद अवश्य मागवावेत. परंतु ते येईपर्यंत मूळ तक्रार अडवून ठेवू नये. तक्रार आधी द्यावी, कागद मागाहून जोडावेत.

खाजगी शाळा, दिव्यांग कर्मचारी, कारखाना

आपल्यापैकी काहींचे आप्त खाजगी शाळांत असतात. १९७७ च्या महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी कायद्यानुसार सेवेतून काढणे, पदावनत करणे किंवा पदोन्नतीत डावलणे याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. काढून टाकण्याच्या वा पदावनतीच्या आदेशाविरुद्ध ही मुदत आदेश मिळाल्यापासून अवघी ३० दिवसांची आहे. पुरेसे कारण दाखविल्यास न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते. तथापि तो त्याच्या विवेकाचा भाग आहे. संस्थाचालकांच्या घरी रदबदली करण्यात महिना केव्हा जातो हे कळतही नाही.

दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २०१६ चा कायदा आहे. शासकीय आस्थापनेत दिव्यांगत्वाच्या कारणाने भेदभाव करू नये, आणि सेवेत असता दिव्यांगत्व आले म्हणून कोणास काढू नये वा पदावनत करू नये, असे तो सांगतो. प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावा आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करावी, अशी त्यात तरतूद आहे. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. त्यांच्या शिफारशीवर काय केले ते संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत त्यांना कळवावयाचे असते.

चाकण, रांजणगाव या भागांतील कारखान्यांत आपल्या विद्यार्थ्यांचे मातापिता काम करतात. अर्ज लिहून घेण्यासाठी ते गुरुजींकडे किंवा बाईंकडेच येतात. एकाच कामासाठी स्त्रीस पुरुषाहून कमी मजुरी देण्यास वेतन संहितेने मनाई केली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आली आणि १९७६ चा समान वेतनाचा कायदा तिच्यात सामावला गेला. या संहितेखालील मागणी तीन वर्षांच्या आत करता येते. एवढी माहिती आपल्यापाशी असली तर विचारणाऱ्यास रिक्त हस्ते परत जावे लागणार नाही.

अर्ज कसा लिहावा?

तक्रारीच्या अर्जाचा प्रारंभ पुढीलप्रमाणे असावा, म्हणजे मुदतीबाबत शंकेस जागा राहत नाही :

‘दिनांक …… रोजी …… वाजता …… या ठिकाणी पुढील घटना घडली. त्या वेळी …… हे उपस्थित होते. यापूर्वी दिनांक …… व दिनांक …… रोजी असेच वर्तन घडले होते. हा अर्ज मी शेवटच्या घटनेनंतर …… दिवसांनी देत आहे. उशीर होण्याचे कारण ……’

त्याखाली घटना जशी घडली तशी साध्या शब्दांत लिहावी. विशेषणांपेक्षा तारखा अधिक बोलतात. लैंगिक छळाच्या तक्रारीच्या सहा प्रती, साक्षीदारांची नावे-पत्ते आणि कागदपत्रे द्यावयाची असतात. परंतु प्रती कमी आहेत म्हणून अर्ज थांबवू नये. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व स्वाक्षरी घ्यावी. पोच देण्यास कोणी टाळाटाळ केली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. भ्रमणध्वनीवरील संदेश पुसून टाकू नयेत. आणि घटना घडली त्याच दिवशी, तक्रार करावयाची की नाही हे ठरलेले नसले तरीही, एका वहीत तारखेसह चार ओळी लिहून ठेवाव्यात. पुढे मन घट्ट झाले तर त्या उपयोगी पडतात. न झाले तर काही बिघडत नाही. आपल्या प्रकरणास नेमकी कोणती मुदत लागू पडते याविषयी शंका असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारावे. स्त्रियांना तेथे विधी साह्य मोफत मिळते.

मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांस

शेवटी दोन शब्द माझ्यासारख्यांस. एखादी शिक्षिका, एखादा सेवक आपणांकडे येऊन दबल्या आवाजात काही सांगू लागला, तर ‘थांबा’, ‘पाहू’, ‘परीक्षा होऊ द्या’, ‘आपसांत मिटवू’ हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. समेटाची वाट कायद्यातही आहे. परंतु ती तक्रार लेखी दाखल झाल्यानंतर, तक्रारदार स्त्रीने स्वतः विनंती केल्यावर, समितीमार्फत चालावयाची असते. आपण प्रथम एवढेच विचारावे : हे कोणत्या तारखेस घडले? मग दिनदर्शिका पुढे घेऊन तिच्यासमोर शेवटचा दिवस मोजून दाखवावा. तक्रार करावी की न करावी, हे तिने ठरवावयाचे आहे. पण ठरविण्यासाठी तिच्यापाशी किती दिवस आहेत, हे तिला त्याच दिवशी कळले पाहिजे.

त्या शिक्षिकेस मी हे सांगितले नाही. आपण सांगाल, अशी मला आशा आहे.